स्वयं-एनपीटेलच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना टिकवून कसं ठेवावं?

‘स्वयं’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षण मंचावर एनपीटेलचे, म्हणजे आयआयटी आणि आयआयएस्सी यांच्या उपक्रमाचे, अभ्यासक्रम असतात. बारा आठवड्यांचा असा अभ्यासक्रम मुलं उत्साहाने सुरू करतात. व्हिडिओ कधीही पाहता येतात, म्हणूनच ते पाहायचे राहून जातात. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मते आतून शिकावंसं वाटायला तीन गोष्टी लागतात: निवडीची मोकळीक, आपल्याला जमतंय ही जाणीव आणि सोबतच्या माणसांशी नातं. पहिली गोष्ट ऑनलाइन अभ्यासक्रम देतो. उरलेल्या दोन महाविद्यालयातल्या मार्गदर्शक शिक्षकाने पुरवायच्या.

१. पहिल्याच दिवशी गुणांचं गणित फळ्यावर मांडा. एनपीटेलच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सहसा सर्वोत्तम ८ स्वाध्यायांचे गुण धरतात. त्यांना २५ टक्के, परीक्षेला ७५ टक्के. म्हणजे आजारपणात किंवा घरच्या लग्नात एक आठवडा बुडाला तरी काही संपत नाही. हे माहीत नसल्यामुळेच मुलं मागे पडली की सोडून देतात.

२. चौघाचौघांचे गट करा, पण गुणांवरून नको. मोकळ्या वेळेवरून करा. रात्रपाळी करणारा आणि सकाळी क्लासला जाणारी एका गटात आले, तर ते कधी भेटणार?

३. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, अर्धा-पाऊण तास भेट. ही वेळ मात्र लवचीक ठेवू नका.

४. भेटीत काय करायचं, यावर सगळं अवलंबून आहे. व्हॉट्सॲपवर उत्तरं फिरवणं म्हणजे सहकार्य नव्हे, आणि ते नियमातही बसत नाही. त्याऐवजी प्रत्येकाने त्या आठवड्याच्या विषयावर स्वतःचा एक प्रश्न तयार करून आणावा आणि बाकीच्या तिघांनी तो सोडवावा. प्रश्न काढायला व्हिडिओ नीट पाहावाच लागतो. शिवाय एकजण आला नाही तर त्याची उणीव भासते, आणि आपल्यावाचून अडतं हे कळलं की मूल पुढच्या वेळी येतं.

५. गप्प झालेल्याला गटात सगळ्यांसमोर विचारू नका. फोन करा. ‘का नाही केलंस?’ऐवजी ‘कुठे अडलंय?’ असं विचारा. कधी अडचण विषयाची असते, कधी इंग्रजी व्याख्यानाची, तर कधी घरात एकच मोबाइल असतो. इंग्रजीची अडचण असेल, तर गटातल्या कुणीतरी तो भाग मराठीत समजावून सांगावा. सांगणाऱ्याचाही अभ्यास पक्का होतो.

६. परीक्षेची नोंदणी वेगळी असते, शुल्कही वेगळं. हे अर्ज गटाने एकत्र बसून भरावेत. कचरणारं मूल तेव्हाच लक्षात येतं आणि त्याच्याशी बोलायला वेळ हाताशी असतो.