घरी शब्बाथ सुरू करायचाय? प्रोग्रेसिव्ह पद्धतीने करा, पण अभ्यास करून

बरेच जण विचारतात की आपण प्रोग्रेसिव्ह ज्यू (परंपरा काळाप्रमाणे बदलता येते असं मानणारे), म्हणजे आपल्याकडे सगळंच चालतं ना, मग मुलांना शिकवायचं काय. तर पहिलं हे डोक्यातून काढा की प्रोग्रेसिव्ह म्हणजे सूट. ऑर्थोडॉक्स घरात नियम ठरलेला असतो, तो पाळायचा, विषय संपला. आपल्याकडे तो पाळायचा का आणि कसा हे आपण ठरवायचं, आणि ठरवायचं तर आधी तो नियम नीट माहीत पाहिजे, त्यामुळे खरं तर होमवर्क आपल्यालाच जास्त. न वाचता सोडून दिलं तर त्याला साधा आळस म्हणतात.

सुरुवात शब्बाथपासून करा, म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र असा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, आणि त्यातही शुक्रवारच्या संध्याकाळपासून. पेसाहचा सण वर्षातून एकदा येतो, शब्बाथ दर आठवड्याला, काही चुकलं तर सात दिवसांनी परत चान्स. फक्त सगळं एकदम करायला जाऊ नका. आम्ही पहिल्याच शुक्रवारी मेणबत्त्या, वाईन, घरी भाजलेला ब्रेड, गाणी, वाचन, जेवणानंतरची लांबलचक प्रार्थना असं सगळं एका दमात लावलं, ब्रेड खालून करपला, धाकटी टेबलावरच झोपली आणि मोठा म्हणाला दर शुक्रवारी हे असंच असणारे का? पुढचे तीन महिने मग फक्त मेणबत्त्या.

मेणबत्त्या दोन लावतात, कारण दहा आज्ञा तोरामध्ये, म्हणजे आपल्या मूळ धर्मग्रंथात, दोनदा येतात, एकीकडे शब्बाथची आठवण ठेव असं आहे आणि दुसरीकडे शब्बाथ पाळ असं. वेळ म्हणाल तर रिवाज सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधीचा, कारण शब्बाथ लागल्यावर विस्तव पेटवायचा नाही. आता उत्तरेकडच्या देशांत हिवाळ्यात दुपारी चारच्या आसपासच अंधार पडतो, तेव्हा कोण ऑफिस सोडून येणार, म्हणून बरीच प्रोग्रेसिव्ह घरं सगळे घरी आले की लावतात. चालतं. पण मुलांना 18 मिनिटांचं कारण आधी सांगा आणि मग आपण उशिरा का लावतो तेही सांगा, म्हणजे आईबाबांनी विचार करून ठरवलंय हे त्यांना कळतं. डोळे का झाकतात हे तर मुलं विचारणारच. आशीर्वाद आधी म्हणायचा आणि काम मग करायचं असा सगळीकडे नियम, पण इथे आशीर्वाद म्हटला की शब्बाथ सुरू, मग काडी ओढायची कशी? म्हणून आधी पेटवायचं, डोळे झाकून आशीर्वाद म्हणायचा आणि मग उघडून उजेड बघायचा, जणू आत्ताच लागलाय. मुलांना ही आयडिया भारी आवडते.

मेणबत्त्यांच्या आधी त्झेदाकाच्या, म्हणजे गरजूंसाठी पैसे साठवायच्या, डब्यात प्रत्येकाने एकेक नाणं टाकायचं. याला दान म्हणू नका, दान म्हटलं की देणारा उगाच मोठा होतो. त्झेदाका हा शब्द न्याय या अर्थाच्या धातूतून आलाय, म्हणजे ते फेडायचं देणंच आहे. रामबाम म्हणजे मायमोनिडीस या ज्यू पंडिताने बाराव्या शतकात याच्या आठ पायऱ्या लिहून ठेवल्यात आणि सगळ्यात वरची पायरी म्हणजे समोरच्याला स्वतःच्या पायावर उभं करणं, कर्ज देऊन, भागीदारी देऊन किंवा काम देऊन. डबा भरला की पैसे कुठे द्यायचे हे मुलांना ठरवू द्या. भांडतील, भांडू द्या.

मग किड्दुश, म्हणजे शब्बाथचा आशीर्वाद, वाईनवर किंवा मुलांसाठी द्राक्षाच्या रसावर, आणि मग दोन हल्ला. हा मराठीतला हल्ला नव्हे, वेणीसारखा विणलेला ब्रेड, जरी आमच्याकडे दोन्ही एकाच वेळी होतात. दोन का, तर तोरातल्या गोष्टीत वाळवंटात आकाशातून पडणारं अन्न, मान्ना, शुक्रवारी दुप्पट मिळायचा. वर रुमाल का, तर एरवी ब्रेडचा मान पहिला, आज वाईनला आधी मान मिळतोय, ते बघून ब्रेडला वाईट वाटू नये म्हणून त्याला झाकतात. ब्रेडची एवढी काळजी घेणारे आपण टेबलावर बहिणीला मठ्ठ कसं म्हणतो, हा प्रश्न मी वर्षभर वापरलाय.

मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचा तो मात्र सोडू नका. मुलग्यांना एफ्राईम आणि मनश्शेसारखा हो म्हणतात, मुलींना सारा, रिबका, राहेल, लेआसारखी. आम्ही सगळी नावं सगळ्यांना घेतो.

घरात एकजण ज्यू नसेल तर त्याला प्रेक्षक करून बसवू नका. अमेरिकेतल्या रिफॉर्म (प्रोग्रेसिव्हांमधलाच एक पंथ) रब्बायांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, 1983 साली ठरवलं की आई असो वा बाप, एकजण ज्यू असला आणि मूल ज्यू म्हणून वाढत असलं तर ते ज्यू, आणि वाढवायचं काम दोघांचं असतं. हिब्रू येत नसेल तर आशीर्वाद मराठीत म्हणा, कुणी अडवत नाही.

आता शिकवायचं कसं. त्या आठवड्याच्या पाराशातला, म्हणजे तोराच्या त्या आठवड्यात वाचायच्या भागातला, एकच तुकडा घ्या, आणि अवघड असेल तो आधी घ्या. उदाहरणार्थ तोरातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 21व्या अध्यायात आहे की आईबापाचं न ऐकणाऱ्या हट्टी मुलाला दगडांनी मारावं. घरात तेरा-चौदाचं पोरगं असेल तर हे वाचल्यावर टेबलावर झोप कुणालाच येत नाही. मग विचारा, तुम्ही रब्बाय असता तर काय केलं असतं? मग सांगा की तल्मूदमधल्या, म्हणजे रब्बायांच्या जुन्या चर्चांच्या ग्रंथातल्या, रब्बायांनी यावर इतक्या अटी घातल्या की ते जवळपास अशक्यच करून टाकलं आणि एक मत तर असंच आहे की असा मुलगा कधी झाला नाही, कधी होणारही नाही, हे लिहिलंय फक्त अभ्यास करायला. म्हणजे मजकुराशी वाद घालणं हे काही 1818 साली हाम्बुर्गमध्ये रिफॉर्मवाल्यांनी आपलं टेम्पल (प्रार्थनामंदिर) उघडलं तेव्हा सुरू झालेलं नाही, ते आधीपासून घरचंच आहे. वादाची रीतसुद्धा ठरलेली आहे, हिल्लेल आणि शम्माय या दोन जुन्या गुरूंच्या शिष्यांच्या वादात हिल्लेलच्या शिष्यांचं मत मान्य झालं कारण ते आधी शम्मायवाल्यांचं म्हणणं मांडायचे आणि मग स्वतःचं. आमच्याकडे हाच नियम, समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं सांगितल्याशिवाय आपलं बोलायचं नाही. जेवण गार होतं कधीकधी.

मुलीला ज्युडिथ कॅप्लनचं जरूर सांगा, 1922 साली न्यूयॉर्कमध्ये तिची बात मित्झ्वा, म्हणजे मुलगी धर्माच्या दृष्टीने मोठी झाल्याचा विधी, झाली. आणि रेगिना योनासचं, 1935 साली जर्मनीत रब्बाय झालेली पहिली बाई, नाझींनी तिला औशविट्झमध्ये मारलं, आणि अमेरिकेत सॅली प्रीसँडला रब्बाय व्हायला 1972 उजाडलं.

मोबाईलचं काय, हे सगळेच विचारतात. मिश्नामध्ये, म्हणजे तल्मूदचा पाया असलेल्या जुन्या नियमसंग्रहात, शब्बाथला बंद असलेल्या 39 कामांची यादी आहे, ती मुलांबरोबर वाचा, त्यात पेरणं, विणणं, लिहिणं आहे, आणि मग प्रत्येकाने आपलं एक काम निवडून दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बंद ठेवायचं. मोठ्यांनीही. मी ऑफिसचे मेल निवडले आणि पहिले दोन आठवडे बाथरूममध्ये जाऊन बघितले, मुलीने पकडलं.

शनिवारी तीन तारे दिसले की हवदाला, म्हणजे शब्बाथला निरोप देण्याचा विधी. वाईन, वासाचे मसाले आणि एकापेक्षा जास्त वाती असलेली पिळाची मेणबत्ती. ती धाकट्याच्या हातात द्या, नखांवर उजेड पडतो तो बघायला सांगा, आणि शेवटी वाईनमध्ये विझवा, चर्र होतं, त्या आवाजासाठी तरी मुलं थांबतात. खाली ताटली ठेवा, वाईनचे डाग काही केल्या निघत नाहीत.