चकल्यांच्या उरलेल्या तेलाचा साबण घरी कसा करायचा

दिवाळी झाली की तळणीचं काळपट तेल उरतंच. एफएसएसएआयचा (देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेचा) नियम आहे की पोलर कंपाऊंड्स (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारी खराब द्रव्यं) 25 टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाण्यात नको, पण घरी ते मोजणार कोण, आणि सिंकमध्ये ओतलं तर पाइप तुंबतो. त्यापेक्षा कपडे-भांड्यांचा साबण करा.

आधी तेल जुन्या सुती कपड्यातून दोनदा गाळा, बुडाचा गाळ घ्यायचा नाही, नाहीतर साबणाला खवट वास येतो.

आता मोजमाप, आणि इथे वाटी-चमचा चालत नाही, 1 ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटाच हवा. 500 ग्रॅम शेंगदाणा, सूर्यफूल किंवा सोयाबीन तेलाला 64 ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि 170 ग्रॅम पाणी. एवढ्या तेलाला 67-68 ग्रॅम सोडा लागतो, आपण मुद्दाम कमी घेतो म्हणजे मोकळा सोडा उरून हात जळत नाहीत. खायचा सोडा नाही, धुण्याचा सोडाही नाही, कॉस्टिकच.

हातमोजे, चष्मा, खिडकी उघडी, पोरं लांब. सोडा पाण्यात थोडा थोडा टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. पाणी आपोआप चांगलंच तापतं, घाबरू नका, वाफ मात्र नाकात घेऊ नका. अंगावर उडालं तर लगेच वाहत्या पाण्याखाली, बराच वेळ. भांडं स्टीलचं घ्या. मी पहिल्यांदा ॲल्युमिनियमचं पातेलं घेतलं, फसफसून काळं पडलं आणि आईची बोलणी खाल्ली ती वेगळीच (त्यातून हायड्रोजन निघतो, गंमत नाही).

तेल आणि सोड्याचं पाणी दोन्ही कोमट असलं की ते पाणी तेलात ओतून ढवळत राहा. हाताने तासभरही लागू शकतो, हँड ब्लेंडरने बरंच लवकर होतं. पातळ पिठल्यासारखं झालं, चमच्याने ओढलेली रेघ क्षणभर टिकली की आइसक्रीमच्या रिकाम्या डब्यात ओता.

एक-दोन दिवसांनी, हातमोजे घालूनच, वड्या पाडा आणि हवेशीर जागी 4 ते 6 आठवडे वाळू द्या. घाई केलीत तर साबण मऊ राहतो, भराभर झिजतो. रंग तपकिरी येणारच. वासासाठी लिंबाचा रस पिळू नका, सोडा त्यातच खर्ची पडतो.

बोअरच्या जड पाण्यात याला फेस कमी येतो आणि बादलीला पांढरा साका धरतो, तिथे नळाचं पाणी वापरा.