काढणीआधी अर्थची पट्टी बघा, अल्टरनेटर मग बदला

काढणी तोंडावर आलीय आणि आभाळाचा नेम नाही. नेमकं अशा सकाळी मळणीचं इंजिन सेल्फ घेत नाही, बॅटरी शोधण्यात दुपार होते आणि कापून टाकलेलं पीक सरीत भिजतं. हे इतक्यांदा पाहिलंय की आता चीड येते. कारण बऱ्याचदा बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठणठणीत असतो. बॅटरीच्या निगेटिव्हवरून चासीला, म्हणजे लोखंडी सांगाड्याला, जाणारी अर्थची पट्टी तेवढी गंजलेली असते.

डिझेल इंजिन फसवतं. साध्या, बिगर-इलेक्ट्रॉनिक डिझेल पंपाचं इंजिन एकदा सुरू झालं की चार्जिंग बंद असलं तरी दिवसभर चालतं. बॅटरी उतरल्याचं कळतं दुसऱ्या दिवशी.

12 व्होल्टच्या बॅटरीवर व्होल्ट मोजायचं मीटर लावा. रात्रभर बंद इंजिनवर 12.6 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. मग इंजिन मिनिटाला 1500 फेऱ्यांवर, दिवे लावून: 13.8 ते 14.4 हवेत. 13 च्या खालीच अडकलं तर चार्जिंग नाही. 14.8 च्या वर गेलं तर चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय, बॅटरीचं पाणी उकळून जाईल.

आता कोणी करत नाही ते. इंजिन चालू आणि दिवे तसेच ठेवून मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या उघड्या धातूला लावा, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला. क्लॅम्पला नको, खांबालाच. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थ खराब. मीटर नसेल तर इंजिन बंद करा, ते सुरू होऊ नये म्हणून स्टॉप ओढून धरा, सेल्फ पाच-सात सेकंद मारा आणि पट्टीची दोन्ही टोकं चाचपा. जिथे चटका बसेल तिथे दोष. या युक्तीने मला अजून दगा दिलेला नाही.

मी स्वतः एकदा दुकानदाराच्या सांगण्यावरून नवा अल्टरनेटर बसवला. आठवड्यात बॅटरी पुन्हा उतरली. पट्टीच्या नटाखाली हिरवट भुकटी होती.

बाकीची कामं:
- अल्टरनेटर फिरवणारा पट्टा (बेल्ट) अंगठ्याने दाबून 10 ते 12 मिमी दबावा
- बॅटरीत फक्त डिस्टिल्ड पाणी
- टर्मिनल खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने, वर ग्रीस
- किल्ली फिरवताच चार्जिंगचा दिवा लागतो का. त्याचा बल्ब गेला तरी काही अल्टरनेटर चार्जिंग धरत नाहीत

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासायची युक्ती अजूनही चालते. नका करू. व्होल्टेज एकदम उसळतं आणि अल्टरनेटरमधले चांगले डायोड जळतात, मग नवा अल्टरनेटर घ्यावाच लागतो. दुकानदाराला बरंच.

पट्टी आजच काढा. इंजिन बंद करून निगेटिव्ह आधी सोडा, जोडताना शेवटी. नटाखालचा रंग काचपेपरने धातू चमकेपर्यंत घासा, आवळा आणि पुन्हा मीटर लावा. आकडा 0.2 च्या खाली आला नाही तर पट्टीच बदला.