वायर जोडण्याआधी: लिनक्स बोर्डावरून पेरिफेरल चालवण्याची तयारी

आधी पिनआउटचा, म्हणजे कोणत्या पिनेवर काय आहे ते दाखवणारा, तक्ता काढा आणि तो तुमच्याच बोर्डाच्या रिव्हिजनचा आहे ना, ते तपासा. हेडरवरचा, म्हणजे बोर्डावरच्या पिनांच्या रांगेतला, पिन नंबर आणि जीपीआयओ (प्रोग्रॅममधून वाचता किंवा चालू-बंद करता येणारी पिन) नंबर एक नसतात. रास्पबेरी पायवर ११ नंबरच्या पिनेवर जीपीआयओ १७ येतो. मग व्होल्टेज. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या, ५ व्होल्ट त्यांना सोसत नाहीत. बीगलबोन ब्लॅक या बोर्डाच्या अ‍ॅनालॉग इनपुटची मर्यादा तर १.८ व्होल्टच. सेन्सरचं आउटपुट जोडण्याआधी मल्टिमीटरने मोजा. मोटर किंवा रिले थेट पिनेवर नको: मध्ये ट्रान्झिस्टर, कॉइलवर उलटा डायोड, सप्लाय वेगळा. दोन्हींचं ग्राउंड मात्र एकमेकांना जोडलेलं हवं.

कोड लिहायला बसण्याआधी पिन खरंच मोकळी आहे का, ते बघा. माझ्या मते निम्मी डोकेदुखी इथेच असते. एकाच पिनेवर जीपीआयओ, एसपीआय (चिपांशी बोलायची बस), पीडब्ल्यूएम (वेग किंवा उजेड कमी-जास्त करणारे पल्स) असे दोन-तीन धंदे असू शकतात आणि त्यातला कुठला चालू राहणार, हे डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावर काय कुठे आहे ते कर्नलला सांगणारी फाइल, ठरवते. 'जीपीआयओइन्फो' (gpioinfo) ही कमांड चालवली की पिन कुणाच्या ताब्यात आहे, ते नावासकट दिसतं. आयटूसी बसवर (दोन वायरींवर अनेक चिपा, प्रत्येकीला आपला पत्ता) 'आयटूसीडिटेक्ट' (i2cdetect) या कमांडने पत्ते पाहा. पत्त्याच्या जागी 'यूयू' आलं तर चिप बिघडलेली नाही, कर्नलच्या ड्रायव्हरने ती आधीच धरली आहे. सगळंच रिकामं दिसलं तर पुल-अप रेझिस्टर (बसच्या वायरी एरवी वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणारे) आहेत का पाहा. आणि हे स्कॅनिंग उगाच पुन्हापुन्हा करू नका, काही चिपा नुसत्या चाचपणीनेही बिथरतात. यूआर्टवर (सिरियल पोर्टवर) सिरियल कन्सोल, म्हणजे कर्नलचे मेसेज आणि लॉगिन दाखवणारी सोय, चालू असेल तर तो आधी बंद करा, नाहीतर बिचाऱ्या जीपीएस मॉड्यूलला कर्नलचे बूट मेसेज ऐकावे लागतील.

सिसएफएसमधून (/sys खालच्या फाइलींतून) पिन 'एक्सपोर्ट' करायला सांगणारी जुनी ट्युटोरियल बाजूला ठेवा. कर्नल ४.८ पासून जीपीआयओसाठी कॅरेक्टर डिव्हाइस (/dev मधली फाइल) आलं आहे, त्यासाठी लिबजीपीआयओडी (libgpiod) ही लायब्ररी घ्या, पण आवृत्ती पाहून, २.० मध्ये एपीआय आणि कमांडची मांडणी दोन्ही बदलली. प्रोग्रॅम संपल्यावर पिन त्याच स्थितीत राहील याची हमी नसते, म्हणून रिले धरून ठेवायचा असेल तर प्रोसेस चालू ठेवावी लागते.

परवानग्यांसाठी रूट होऊन बसू नका. यूडेव्हचा (डिव्हाइस फाइलींच्या परवानग्या ठरवणाऱ्या लिनक्सच्या सेवेचा) नियम लिहा, युजरला योग्य ग्रुपमध्ये टाका. ओव्हरले, म्हणजे डिव्हाइस ट्रीवर चढवायची दुरुस्ती, बदलण्याआधी बोर्डाच्या मेमरी कार्डाची इमेज (हुबेहूब प्रत) काढून ठेवा. ओव्हरले चुकला आणि बोर्ड बूटच झाला नाही, तर तीच उपयोगी पडते.