वादी रमची जीप सफर: निघण्याआधीची तयारी

गाडीच्या उघड्या हौद्यात बसायचं आहे, हे आधी मनात पक्कं करा. पुढची बरीचशी तयारी त्यावरूनच ठरते. जॉर्डनच्या दक्षिणेला वादी रमच्या दऱ्यांतून फिरवणारी ‘जीप’ म्हणजे बहुतेक वेळा फोर बाय फोर पिकअप असते. मागच्या हौद्यात समोरासमोर दोन बाकं, वर कापडाचं छप्पर आणि धरायला लोखंडी दांडा. काचा नाहीत, त्यामुळे वारा, वाळू आणि गारठा थेट अंगावर येतो. आम्ही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलो होतो. मी, नवरा, अकरा वर्षांची मुलगी आणि सदुसष्ट वर्षांच्या सासूबाई. वाळवंट म्हणून टोप्या, गॉगल, सनस्क्रीन सगळं आठवणीने घेतलं होतं, पण हातमोजे एकट्या मुलीकडे होते. सकाळी साडेसातला गाडी निघाली आणि दहा मिनिटांत सासूबाईंची बोटं आखडली. ड्रायव्हरने न सांगता गाडी थांबवली, सीटमागून जाड घोंगडी काढली आणि त्यांच्या गुडघ्यांवर नीट खोचून दिली. म्हणून मी यादीची सुरुवात थंडीपासून करते.

रमच्या दरीचा तळच समुद्रसपाटीपासून हजारेक मीटर उंचीवर आहे. तासाभराच्या अंतरावरचं अकाबा समुद्रकाठी, तिथे डिसेंबरातही दुपारी अर्ध्या बाह्यांत फिरता येतं, आणि नेमकी तिथूनच येणारी माणसं फसतात. हवा कोरडी, आभाळ निरभ्र, त्यामुळे सूर्य कड्याआड गेला की वाळू झपाट्याने निवते. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा शून्याच्या आसपास येतो. आतून थर्मल, वर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जाकीट असे तीन थर असू द्या, म्हणजे दुपारी एकेक उतरवता येतो. कानटोपी, हातमोजे, जाड मोज्यांचे दोन जोड आणि एक शाल मोठ्या बॅगेत न ठेवता हाताशी ठेवा. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे सगळ्यात सुखाचे महिने, पण शाल तेव्हाही लागते. जून ते ऑगस्टमध्ये जाणं भाग असेल, तर दिवसभराची सफर घेऊ नका. पहाटे तीन तास आणि संध्याकाळी तीन तास अशी तोडून मागा.

आता सफर ठरवताना काय विचारायचं ते. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तयारी हीच आहे आणि ती घरबसल्या होते. इथे गाडीपेक्षा ड्रायव्हर महत्त्वाचा. वादी रममधले वाटाडे बहुतेक रम गावातल्या झलाबिया आणि जवळच्या झुवैदा या बेदुइन जमातींचे. कुठल्या घळीत सकाळी ऊन येतं, कुठली वाळू दुपारी चाक गिळते, हे त्यांना पाठ असतं. त्यामुळे शक्य तितकं थेट रम गावातल्या छावणीशीच, म्हणजे मुक्कामाची आणि जेवणाची सोय करणाऱ्या तंबूवाल्यांशीच बोला. दुसऱ्या शहरातल्या एका एजंटकडून आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने ‘पूर्ण दिवस’ घेतला. तो दुपारी दोनला संपला, आणि सहा जणांच्या गाडीत नऊ जण बसवले. तेव्हा पैसे देण्याआधी हे लेखी मागून घ्या: गाडी किती वाजता सुटणार आणि किती वाजता परतणार, हौद्यात जास्तीत जास्त किती माणसं, गाडी फक्त आपली की इतरांसोबत, कुठकुठली ठिकाणं, जेवण आणि पाणी धरून का, आणि छावणी वादी रमच्या संरक्षित क्षेत्राच्या आत आहे का बाहेर. शेवटचा प्रश्न बरेच जण विचारत नाहीत. बाहेरच्या छावण्याही चांगल्या असतात, पण त्यांच्याभोवतीची दरी वेगळी, आणि आत पोचायला रोजचा वेळ जातो.

ठिकाणांची यादी लांब पाहून भुलू नका. चार तासांत दहा ठिकाणं म्हणजे प्रत्येक ठिकाणी उतरा, फोटो काढा, चढा. हे क्षेत्र जवळजवळ ७४,००० हेक्टरांचं आहे. दिवसभरात पाच-सहा जागा आणि मध्ये सावलीत दोन तासांचं जेवण, एवढंच मागा. दुबईच्या डेझर्ट सफारीची सवय असलेल्या आपल्या मंडळींना आधीच सांगून ठेवा, की टेकड्यांवरून गाडी उड्या मारत नेणं हा इथला मुख्य कार्यक्रम नाही. इथे दोन कड्यांमधल्या रुंद, सपाट, लाल दरीतून जायचं, गाडी उभी करायची आणि पायी घळीत शिरायचं.

पैशांचं थोडक्यात सांगते. क्षेत्राची प्रवेश फी माणशी ५ दिनार आहे आणि ती अभ्यागत केंद्रावर भरायची असते. तिथून रम गाव सात किलोमीटरवर. जॉर्डन पास, म्हणजे पर्यटकांसाठीचं एकत्रित तिकीट, घेतला असेल तर ही फी त्यातच येते. पेट्रा या प्राचीन नगरीचं किती दिवसांचं तिकीट हवं त्यावरून पास ७०, ७५ किंवा ८० दिनारला पडतो. तो देशात उतरण्याआधी घेतला आणि तिथे किमान तीन रात्री राहिलात, तर ४० दिनारची व्हिसा फीही माफ होते. पासची प्रत छापून जवळ ठेवा, कारण केंद्रावर दाखवावी लागते. जीपचे पैसे मात्र वेगळे, आणि ते रोख लागतात. दिनार अकाबा किंवा वादी मूसा या पेट्राजवळच्या गावातच काढून घ्या, सुट्या नोटांसकट. ड्रायव्हरची बक्षिसी पाकिटात वेगळी घालून ठेवली की निरोपाच्या वेळी शोधाशोध होत नाही.

पेट्राहून वादी रम दोन तासांच्या आत येतं, अम्मानहून मात्र चार तास धरा. अम्मानहून येऊन त्याच दिवशी जीपमध्ये बसायचा बेत घरात वयस्क माणूस असेल तर करू नका.

वयस्कांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मला सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच होते. वाळूत गाडी फारशी आपटत नाही, कारण ड्रायव्हर टायरची हवा उतरवतो. आमच्या ड्रायव्हरने गाव संपताच उतरून बारीक खड्याने एकेका चाकाचा व्हॉल्व्ह दाबला. सुस्स करत हवा गेली आणि चाक खाली पसरट झालं. पसरट चाकाची पकड जास्त जागेवर होते आणि ते वाळूत रुतत नाही. त्रास होतो तो दोन वाळूंच्या मधल्या खडकाळ पट्ट्यात. तिथे कंबरेला बसतो तो दणका. बाकाच्या मागच्या टोकाला सगळ्यात जास्त उसळी असते, म्हणून वयस्कांना केबिनला लागून पुढे बसवा. त्याहून बरं म्हणजे ड्रायव्हरशेजारची जागा आधीच मागून घ्या. कमरेचा पट्टा आणि बुडाखाली घ्यायला छोटी उशी बरोबर ठेवा. हौद्यात चढायची पायरी उंच असते. आमच्या ड्रायव्हरने सासूबाईंसाठी प्लास्टिकचा क्रेट ठेवला, पण तुम्ही विचारून ठेवा. गाडी लागत असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्या, आणि आलेपाक खिशात असू द्या. एक शब्द सगळ्यांनी पाठ करा: शवय-शवय. म्हणजे हळूहळू. सासूबाईंनी तो पहिल्या तासातच उचलला, आणि मग दिवसभर त्यांनी म्हटलं की ड्रायव्हर मागे न बघता हात वर करून गाडी सावकाश करायचा.

पायात घोट्यापर्यंतचे, चांगली पकड असलेले बूट हवेत. सँडल वाळूत सोसते, खडकावर नाही. आणि इथे सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना मला कळकळीने काही सांगायचं आहे. वादी रममध्ये उम्म फ्रूथ आणि बुर्दा अशी दगडी कमानीची ठिकाणं आहेत. राजगडाच्या नेढ्यात बसलेल्या माणसाला ती पाहताक्षणी चढावीशी वाटणार. पण आपला हात काळ्या बेसॉल्टवर घडलेला आहे. हा वालुकाश्म आहे. त्याची पातळ कपची हातात येते, आणि वरच्या मोकळ्या वाळूवरून पाय सरकतो. पाऊस पडून गेला असेल तर तो अधिकच ठिसूळ होतो, तेव्हा त्या दिवशी चढूच नका. उम्म फ्रूथची कमान जमिनीपासून सुमारे १५ मीटरवर आहे. चढाई छोटी, पण तीव्र, आणि उतरताना खरी परीक्षा होते. ड्रायव्हर पुढे असेल तर त्याने पाय ठेवला तिथेच पाय ठेवा. बुर्दा मात्र अर्ध्या दिवसाचं वेगळं काम आहे. त्याला दोर आणि चढाईचा वाटाड्या लागतो, आणि ते जीप सफरीच्या यादीत ‘जाता जाता’ लिहिलेलं दिसलं तर दुरूनच दाखवणार असं समजा.

पावसाचा अंदाज आदल्या रात्री आणि सकाळी असा दोनदा पाहा. आभाळ आपल्या डोक्यावर मोकळं असलं तरी पाऊस दूरच्या डोंगरावर पडतो, आणि उघड्या खडकावर पाणी मुरत नसल्याने ते सगळं घळीत एकवटतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये मृत समुद्राजवळ असाच लोंढा आला. त्यात शाळेच्या सहलीला आलेल्या मुलांसह वीसहून अधिक जणांचा जीव गेला. तेव्हा ड्रायव्हर म्हणाला की आज घळीत जायचं नाही, तर जायचं नाही. त्यावर घासाघीस नको. जॉर्डनमध्ये आणीबाणीचा नंबर ९११. पण दरीत आत गेलं की मोबाइलची रेंज जाते, म्हणून छावणीचा नंबर आणि परतायची वेळ बाहेरच्या कुणाला तरी कळवून ठेवा. नकाशा आधीच उतरवून घ्या. पॉवर बँक हवीच, कारण बऱ्याच छावण्यांत वीज सौर पॅनेलवरची असते आणि रात्री ठरावीक वेळच मिळते.

पाणी माणशी किमान तीन लिटर, थंडीतसुद्धा. थंडीत तहान कळत नाही आणि संध्याकाळी डोकं धरतं. इलेक्ट्रॉलच्या पुड्या, नेहमीच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या, डोळ्यांत घालायचे थेंब, ओठांना व्हॅसलीन आणि नाकातोंडावर बांधायला सुती कापड. तिथला चौकड्याचा शेमाग, म्हणजे डोक्याला गुंडाळायचा रुमाल, विकत मिळतो, पण घरचं सुती उपरणं तितकंच काम करतं. कॉन्टॅक्ट लेन्स लावू नका, चष्मा वापरा. कॅमेऱ्याची लेन्स गाडीत बदलू नका, आणि मोबाइल झिपच्या पिशवीत ठेवा. बाथरूमची सोय छावणीत असते, दरीत नसते. टिश्यू आणि ते परत आणायची पिशवी दोन्ही जवळ ठेवा. दरीत काही पुरून यायचं नाही.

शाकाहारींनी छावणीला दोन दिवस आधी कळवावं. रात्रीचं जेवण बहुधा झर्ब असतं. वाळूतल्या खड्ड्यात निखारे, त्यावर मजल्यांची जाळी, वर झाकण, आणि वरून पुन्हा वाळू लोटलेली. दोनेक तासांनी फावड्याने वाळू दूर करतात, झाकण उचलतात आणि वाफेचा मोठा लोट उठतो. तो क्षण चुकवू नका, थंडीत बाहेर उभं राहायला लागलं तरी. पण मांस आणि भाज्या एकाच जाळीवर रचलेल्या असतात, तेव्हा कडक शाकाहारी असाल तर वेगळं भांडं मागा. दुपारी टोमॅटो-घेवड्याची पातळ भाजी, हम्मस, काकडी आणि रोटी मिळते, आणि ते पोटभर होतं. तरी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात असू द्या. आमच्या दशम्या ड्रायव्हरने चहाबरोबर खाल्ल्या, दोन मागून घेतल्या. चहा गोड असतो आणि त्यात सेज म्हणजे मरामियाची पानं असतात. वेलचीची कडवट कॉफी मात्र कप रिकामा झाला की पुन्हा भरतात. पुरे असेल तर कप किंचित हलवून परत द्यायचा. रमजानात गेलात तर ड्रायव्हरचा उपास आहे हे लक्षात ठेवून दुपारी त्याच्यासमोर खाण्यापिण्याचं भान ठेवा. कपडे खांदे आणि गुडघे झाकणारे असावेत. गाव लहान आहे, आणि आपण त्यांच्या दारात आलेलो असतो.

आता बॅगेत न मावणारी एक तयारी. काय पाहायचं ते थोडं आधी वाचून जा. वादी रमच्या कातळांवर २५,००० कोरीव चित्रं आणि २०,००० लेख नोंदले गेले आहेत. इथला माणसाचा वावर १२,००० वर्षांचा. २०११ मध्ये निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही कारणांसाठी त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. खझअलीची घळ इतकी अरुंद आहे की दोन माणसं जेमतेम शेजारून जातात. तिथे भिंतीवर पावलं कोरलेली आहेत. माझ्या मुलीने हात मागे बांधून, नाक भिंतीला टेकेल इतक्या जवळून ती पाहिली. हात मागे बांधायचं आम्ही तिला विमानातच शिकवलं होतं. बोटांचा घाम आणि तेल या मऊ दगडाला सोसत नाही, आणि शेजारीच कुणीतरी अलीकडे खरवडलेली नावं पाहून पोटात कालवतं. मुलांना हे घरूनच सांगून न्या.

दुसरी गोष्ट पाण्याची. लॉरेन्सच्या नावाने ओळखला जाणारा झरा दाखवतात. तो इंग्रज अधिकारी १९१७ मध्ये तुर्की सत्तेविरुद्धच्या अरब उठावाच्या वेळी इथे होता, झरा मात्र गावकऱ्यांचा. तिथे कड्याकडे नजर टाका. वर वालुकाश्म, खाली ग्रॅनाइट. वरचा दगड पावसाचं पाणी पितो, खालचा पिऊ देत नाही, म्हणून दोघांच्या सांध्यावर पाणी बाहेर येतं. तेवढ्याच रेषेत हिरवी झुडपं दिसतात. ती रेष एकदा ओळखता आली की दिवसभर गाडीतून तुम्ही प्रत्येक कड्यावर तीच शोधत बसाल.

रात्री छावणीत झोपण्याआधी उद्याचे कपडे पांघरुणात घेऊन झोपा, सकाळी ते उबदार मिळतात. सूर्योदयाला बाहेर पडायचं असेल तर ड्रायव्हरला रात्रीच वेळ सांगा. टॉर्च उशाशी ठेवा. बूट तंबूच्या आत ठेवा, मोजे त्यांच्या तोंडात कोंबा, आणि सकाळी पाय घालण्याआधी बूट उलटे करून दोनदा आपटा. विंचू रात्री उबेला येतात.