टोमॅटो-मिरचीची मर: ट्रायकोडर्मा शेणखतात वाढवून द्या

ट्रायकोडर्मा ही मर रोगाच्या (रोपं सुकून मरतात त्या) बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी. तिची पुडी नुसती मातीत टाकली की बरीच वाया जाते. बुरशीला वाढायला खाद्य लागतं, ते आधी द्या.

१. लागवडीच्या १५ दिवस आधी सावलीत १०० किलो पूर्ण कुजलेलं शेणखत पसरा. ताजं शेण नको. ते तापतं आणि बुरशी मरते.
२. त्यात १० किलो निंबोळी पेंड आणि १ किलो ट्रायकोडर्मा पावडर मिसळा. पुडीवरची मुदत आधी बघा.
३. मूठ दाबली तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, इतपत ओलं करा. ओल्या गोणपाटाने झाका, दर चार-पाच दिवसांनी खालीवर करा.
४. हिरवट-पांढरी बुरशी दिसली की खत तयार. सरीत किंवा रोपाच्या खड्ड्यात मूठभर टाकून लगेच मातीआड करा. कोरड्या रानात टाकू नका.

याच्या जोडीला कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी करू नका, ट्रायकोडर्माही मरतो.

आणि मर बुरशीचीच आहे ना, तेही बघा. रोगट खोडाचा तुकडा कापून ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरा. दुधाळ धार सुटली तर जिवाणूजन्य मर. तिथे या खतावर विसंबू नका.