गाडी पळवून झाली, आता इंजिन सडवू नका: नायट्रोवाल्यांनो, या चुका टाळा

गणपती झाले, पाऊस जरा उघडला म्हणून माळ्यावरून रिमोटवर पळणारी, छोट्या नायट्रो इंजिनची गाडी खाली काढली आणि फ्लायव्हील (इंजिनचं फिरणारं चाक) हलेचना. मे महिन्यात शेवटचं पळवलं होतं तेव्हा एकदम मस्त चालत होती, काही पडलं नाही, आपटलं नाही. मागचे चार स्क्रू काढून बॅकप्लेट (इंजिनचं मागचं झाकण) उघडली तर आत कुणीतरी गेरू कालवून ओतल्यासारखं दिसत होतं. मागच्या बेअरिंगच्या गोळ्या गंजून एकमेकींना धरून बसलेल्या, क्रॅंकवर (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) डाग. ३.५ सीसीचं इंजिन, नवीन घ्यायचं तर खिशाला भोक, आणि चूक पूर्ण माझी. मैदानावरून आल्यावर फक्त १० मिनिटं दिली असती तर हे झालंच नसतं.

असं होतं का ते आधी समजून घ्या, मग पुढचं आपोआप लक्षात राहील. नायट्रो फ्युएलमध्ये तीनच मुख्य गोष्टी: मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, नायट्रोमिथेन जळल्यावर आंबट, ॲसिडसारखे अवशेष मागे राहतात आणि हे दोन्ही इंजिनच्या पोटात स्टीलच्या बेअरिंगवर बसून राहिलं की गंज लागायला वेळ लागत नाही. त्यात आपल्याकडे मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर भिंतीलासुद्धा बुरशी येते, तिथे बेअरिंग काय टिकणार.

टाकी रिकामी केली म्हणजे झालं असं समजणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, माझीही हीच होती. टाकी रिकामी दिसते पण पाईपमध्ये, कार्बमध्ये (कार्ब्युरेटर, जिथे हवा आणि फ्युएल मिसळतं) आणि क्रॅंककेसमध्ये (इंजिनच्या पोटात) फ्युएल असतंच. करायचं असं: फ्युएलच्या बाटलीने टाकीतलं उरलेलं सगळं ओढून घ्या, मग इंजिन गरम आहे तोवरच ग्लो इग्नायटर (ग्लो प्लगची तार तापवणारी बॅटरी) लावून परत स्टार्ट करा. पाईपमधलं उरलंसुरलं पिऊन ते दोनचार सेकंदात बंद पडेल. परत स्टार्ट करा, परत बंद. असं करत करत एक वेळ अशी येते की ते खोकतसुद्धा नाही, मग समजा आत कोरडं झालं. हे सगळं आयडलवरच (थ्रॉटल न देता हळू चालतं तसं) हां, यावेळी थ्रॉटल द्यायचा नाही, कारण फ्युएल संपत आलं की मिश्रण लीन होतं (हवा जास्त, फ्युएल कमी), म्हणजे तेलही कमी मिळतं आणि गरमही जास्त होतं.

याच कारणासाठी फुल गरम इंजिन बंद करायला फ्युएलचा पाईप चिमटीत दाबायची सवय सोडा. सायलेन्सरच्या नळीच्या तोंडावर जाड फडका दाबा किंवा खालून बुटाचा तळवा फ्लायव्हीलला लावा. बोट लावू नका, हे सांगायला लागू नये पण लावणारे पाहिलेत.

पिस्टन वर अडकवून गाडी ठेवून देणं

आपली बहुतेक इंजिनं एबीसी टाईपची, म्हणजे ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि क्रोम चढवलेली पितळेची स्लीव्ह (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी). ही स्लीव्ह वरच्या बाजूला किंचित निमुळती असते. थंड इंजिन हाताने फिरवताना वर जे घट्ट लागतं ना, त्याला पिंच म्हणतात. इंजिन १०० ते १२० डिग्रीला चालतं तेव्हा स्लीव्ह थोडी उघडते आणि पिस्टन मोकळा जातो. आता इंजिन बंद झालं आणि पिस्टन नेमका वर थांबला, तर गार होताना स्लीव्ह आवळते आणि पिस्टनला गच्च धरते. पुढच्या वेळी तुम्ही पुल स्टार्ट ओढता, दोरी तुटते, किंवा जोर लावून सोडवला तर प्रत्येक वेळी पिंच थोडा थोडा खाल्ला जातो.

उपाय फुकट आहे. बंद केल्या केल्या फ्लायव्हील फिरवून पिस्टन खाली आणायचा. प्लग लावलेला असताना जिथे घट्ट लागतं तिथून अर्धा फेरा. दरवेळी अंदाज नको म्हणून मी फ्लायव्हीलवर नेलपॉलिशचा ठिपका दिला होता, फ्युएल लागून तो चार दिवसांत विरघळला, मग कानशीने बारीक खूण केली. ती टिकली.

तेल कुठलंही, कितीही आणि कसंही

आफ्टर रन ऑइल (पळवून झाल्यावर इंजिनात घालायचं गंजरोधक तेल) मिळत असेल तर तेच घ्या, छोटी बाटली वर्षभर पुरते. मिळत नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात हवेवर चालणाऱ्या टूल्ससाठी जे पातळ तेल मिळतं ते चांगलं काम करतं, गंज थांबवायचे गुण त्यात असतात. शिलाई मशीनचं तेल? काहीच नसण्यापेक्षा बरं, आठवडाभरासाठी ठीक. बाईकचं इंजिन ऑइल नको, जाड असतं आणि पुढच्या वेळी प्लग खराब करतं. खोबरेल तर अजिबात नको (हो, विचारणारे भेटलेत), थंडीत थिजतं. घरोघरी असतो तो निळा-पिवळा स्प्रे पाणी घालवायला छान, पण त्याचा थर पातळ असतो आणि उडून जातो. तो मारून तीन महिने निर्धास्त बसू नका.

थोडं गार झाल्यावर ग्लो प्लग काढा. कडक गरम असताना पाना लावला तर ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात. प्लगच्या भोकातून चार-पाच थेंब, कार्बच्या तोंडातून चार-पाच थेंब, आणि मग भोकावर फडका धरून पुल स्टार्ट आठ-दहा वेळा ओढा किंवा स्टार्टर बॉक्सवर (फ्लायव्हील फिरवणारी मोटरची पेटी) काही सेकंद फिरवा. कार्बमधले थेंब महत्त्वाचे, कारण मागच्या बेअरिंगपर्यंत तेच पोचतात, वरून टाकलेलं बरंचसं वरच राहतं. मग प्लग लावा, परत पिस्टन खाली.

आतलं फ्युएल न जाळता वरून तेल ओतणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग मारणं. आणि हे तेल फ्युएलच्या पाईपमधून सोडू नका, सिलिकॉनचे पाईप अशा तेलाने फुगतात.

जास्त ओतलं तर अजून वेगळी गंमत. द्रव दाबला जात नाही. पिस्टनवर तेल साचलेलं असताना प्लग लावून स्टार्टर बॉक्सवर ठेवलं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. पुढच्या वेळी चालू करायच्या आधी प्लग काढून एकदा इंजिन फिरवून घ्या, जे बाहेर उडायचं ते उडू द्या.

धुण्याच्या नादात धूळ आत ढकलणं

पंक्चरवाल्याकडच्या हवेने गाडी साफ करायचा मोह सगळ्यांना होतो. एअर फिल्टरवर ती हवा मारली की बाहेरची माती फोमच्या आत आणि तिथून कार्बमध्ये. एक चिमूट बारीक माती स्लीव्हवर ओरखडे पाडायला पुरते. गरम इंजिनवर पाण्याचा पाईप तर नकोच. आधी ब्रशने सुकी धूळ झाडा, मग स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, तेही इंजिन पूर्ण गार झाल्यावर. फिल्टर सगळ्यात शेवटी काढा आणि काढल्या काढल्या कार्बच्या तोंडात स्वच्छ फडक्याचा बोळा कोंबा. फोम भांड्याच्या लिक्विडने कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा, मग फिल्टर ऑइल लावून चुरगाळून सगळीकडे पसरवा. कोरडा फोम बारीक धूळ अडवत नाही.

क्लच बेलमधली (इंजिनची ताकद चाकांकडे नेणारी वाटी) दोन छोटी बेअरिंगं सगळे विसरतात. तिथे उष्णता भयंकर, ग्रीस राहतच नाही. प्रत्येकी एक थेंब तेल द्या, एवढंच.

सायलेन्सरमध्ये काळपट तेल साचलेलं असतं. गाडी अशी ठेवा की ते बाहेर निथळेल, इंजिनकडे परत येणार नाही.

आता बिघडलंच असेल तर

जाम झालंय: आधी प्लग काढा. फ्युएलमध्ये एरंडेल असेल तर बऱ्याचदा गंज नसतोच, एरंडेल सुकून डिंकासारखं चिकटलेलं असतं. हेअर ड्रायरने हेड आणि क्रॅंककेस चांगलं गरम करा, तेलाचे थेंब सोडा, १०-१५ मिनिटं थांबा आणि फ्लायव्हील हाताने मागे-पुढे हलवा. एक्झॉस्टच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून पिस्टन ढकलू नका. क्रॅंकला पक्कड लावू नका.

फिरतंय पण खरखर येते: प्लग काढून हळू फिरवा. वाळू अडकल्यासारखं लागलं तर बेअरिंग गेलं. तसंच चालवलं तर तुकडा सुटून स्लीव्ह घेऊन जातो, म्हणून बेअरिंग बदलूनच पुढे.

आयडल वर चढतो आणि खालीच येत नाही: कुठून तरी जादा हवा ओढतंय. फ्युएलच्या पाईपला टाचणीएवढं भोक, कार्बच्या मानेची ओ रिंग, बॅकप्लेटचं सील, या क्रमाने बघा. तीन महिने पडून राहिलेला पाईप सरळ बदलाच, स्वस्त असतो, उगाच दिवसभर निडल (कार्बवरचा फ्युएल कमी-जास्त करायचा स्क्रू) फिरवत बसू नका.

इग्नायटर काढला की बंद: प्लग काढून इग्नायटरवर लावून बघा. तार पूर्ण नारिंगी पेटली पाहिजे, एखादा वेढा काळा राहिला तर प्लग फेका. प्लग चांगला असेल तर फ्युएलवर संशय घ्या. अर्धी बाटली पावसाळाभर झाकण सैल ठेवून राहिली असेल तर त्यात पाणी मुरलेलं असतं, असल्या फ्युएलवर ट्युनिंग जमतच नाही.

बाटलीबद्दल अजून एक. झाकण गच्च, जागा थंड आणि अंधारी, गॅसच्या शेगडीपासून लांब. मिथेनॉलची ज्योत दिवसा डोळ्यांना जवळपास दिसत नाही. आणि उरलेलं फ्युएल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवायचं नाही, कधीच नाही. हे विष आहे, दृष्टी जाते, जीव जातो. आमच्याकडे एकदा टेरेसवर अशी एक बाटली ठेवलेली होती आणि कुंड्यांना घालायला म्हणून आईने उचललेली, वास आला म्हणून थांबली. त्या दिवसापासून माझं फ्युएल कुलूप लावलेल्या ट्रंकेत असतं आणि बाटलीवर लाल मार्करने कवटी काढलेली आहे.